बाजाराचा ताप

जिनिंग चालू असली की आमची चूल चालू असायची. बाबा जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली काम करायचे आणि माय रेच्यावर कापूस टाकायची. रेचा म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणारी मशीन. पांढरकवड्याच्या बाजूला, जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून टिनाच्या खोल्यांची लाईन होती, त्यातली एक खोली म्हणजे आमचं घर. हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा. पूर्वी तो होळीपर्यंत टिकायचा म्हणतात. मला आठवतो तो काळ कापसाच्या वाईट वर्षांचा. कधी बोंडअळी, कधी भाव नाही, कधी ऐन वेचणीत पाऊस. संक्रांतीनंतर रेचे थंड पडू लागायचे आणि मग बाबा लोकांच्या सायकली दुरुस्त करायचे आणि माय दुसऱ्यांच्या तुरी सोंगायला, म्हणजे कापायला, जायची.

त्यामुळे हंगामातला एकही दिवस वाया घालवायचा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं. आणि नेमकी हंगामातच माय आजारी पडायची.

तिचा आजार ठरलेला होता. आठवडी बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असायची. त्या दिवशी माय खुशीत असायची. केस धुवायची, धुतलेलं लुगडं नेसायची, मला घेऊन बाजारात जायची आणि मिरचीचे भजे घ्यायची. भज्यांच्या गाडीसमोर उभं राहून, पदर एका हातानं आवरत, गरम भजं फुंकर मारून खाणारी माय मला अजून दिसते. दुसऱ्या दिवशी ती कामावर जायची आणि दुपार उतरली की छाती आवळायला लागायची. संध्याकाळी अंगात कणकण, खोकला, डोळे लाल. घरी येऊन उंबरठ्यावर बसायची आणि म्हणायची, “छातीवर कोनं तरी जातं ठेवल्यावानी वाटते वं.” त्या संध्याकाळी चून-भाकर मी करायची. त्याच्या दुसऱ्या दिवशी ताप कमी, आणखी एका दिवसानं जवळजवळ नाहीच. मग पुढच्या बाजारापर्यंत माय ठणठणीत.

रेच्यावरच्या बऱ्याच बायांचं असंच होतं. त्यांनी त्याला नावही दिलं होतं, बाजाराचा ताप. कोणी म्हणायची गर्दीत नजर लागते, कोणी म्हणायची भज्याचं तेल खराब. आमच्या शेजारच्या मावशी तर ठामपणे म्हणायच्या, “थो भजेवाला मेला तेल बदलतच नाई. आपन मरून राह्यलो अन् थो मोटारसायकल घेऊन राह्यला.”

मायनं मग एक गोष्ट केली. मुकादमाला सांगून बाजाराच्या दिवशी रेच्याखालची झाडझूड स्वतःकडे घेतली. बाजारात जाणं बंद, भजे बंद. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ताप आला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. माय विजयी चेहऱ्यानं म्हणाली, “पाह्यलं? बाजारच होता थो.” तेव्हापासून बाजारातून भाजी आणायचं काम बाबांकडे गेलं आणि मायनं कित्येक वर्षं भजं तोंडात घातलं नाही.

आज मी कॉलेजात शिकवते तेव्हा मुलांना सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला. मायनं दोन बदलल्या होत्या. बाजार सोडला आणि सुट्टीही सोडली. ताप कशामुळे गेला हे तिला कळायला मार्गच नव्हता. पण तिनं निष्कर्ष काढला आणि तो अख्ख्या लाईनीतल्या बायांनी मानला.

ताप गेला, खोकला मात्र गेला नाही. मी नववी-दहावीत जाईपर्यंत पाण्याची गुंडी उचलली की मायला दम लागायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, बिडी ओढता का? ती घरी येईपर्यंत धुमसत होती. “सासऱ्यासमोर माया डोक्यावरचा पदर कधी खाली नाई आला, अन् हा पोट्टा मले बिडी इचारते!” बाबा हसले तर त्यांनाही दोन शब्द ऐकावे लागले. खोकल्याची बाटली मिळाली, ती संपली, आणखी एक मिळाली.

मी यवतमाळला बी.एस्सी. केलं. आमच्या घरात, आईच्या आणि वडिलांच्या दोन्ही बाजूंनी, पदवी घेणारी मी पहिली. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. मला नागपूरला पुढे शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा एक नातेवाईक बाबांना म्हणाले, “पोट्टीले एवढं शिकवून जिनिंगची मालकीन करता काय?” बाबा पान्यानं नट आवळत होते. मान वर न करता म्हणाले, “झाली तं झाली. तुमच्या घरून काई जाऊन राह्यलं काय?”

नागपूरला एम.एस्सी.ला एक मॅडम होत्या. एक दिवस त्या शरीराच्या उपजत प्रतिकारशक्तीबद्दल शिकवत होत्या. म्हणजे जन्मासोबत येते ती, जंतू ओळखायला जिला आधी शिकावं लागत नाही ती. त्यांनी सांगितलं की आपल्या पेशींवर काही प्रथिनं पहारा देत असतात. त्यातलं एक विशिष्ट प्रकारच्या जंतूंच्या वरच्या सालीतला एक तुकडा ओळखतं. जंतू जिवंत असो की मेलेला, ते पाहात नाही. साल दिसली की ते पेशीच्या आत निरोप देतं, पेशी सूज आणणारी रसायनं सोडते, अंग तापतं. मग मॅडम सहज म्हणाल्या, “कापसाच्या धुळीत ही साल भरपूर असते. कापसाचं काम करणाऱ्यांना सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ताप येतो. रोज धूळ घेत राहिलं तर शरीर थोडं सरावतं, म्हणून पुढच्या दिवसांत ताप दिसत नाही. सुट्टी घेतली की सराव मोडतो. पण ताप दिसला नाही म्हणून फुप्फुसाचं नुकसान थांबत नाही.”

मी उभी राहिले. वर्गात मी सहसा बोलायची नाही, माझ्या बोलण्याला मुलं हसायची. पण तेव्हा तोंडातून निघूनच गेलं, “मॅडम, हा तं बाजाराचा ताप हाये!”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला पुढे बोलावून सगळं विचारून घेतलं. मायची झाडझूड, भजे, मुकादम, सगळं. मग म्हणाल्या, “तुझ्या आईला सांग, तिनं सुट्टी बंद करून फक्त ताप लपवला.”

हे मायला सांगणं सोपं नव्हतं. सुट्टीत घरी गेले तेव्हा सांगून पाहिलं. ती सरकी वाळत घालत होती. म्हणाली, “म्हन्जे आराम केला तं ताप येते, काम केलं तं येत नाई, अन् तू म्हनते काम सोड?”

“माय, धूळ सोड म्हनून राह्यली मी.”

“धूळ तं तुया जन्माच्या आधीपासून खाऊन राह्यली मी. वरून गूळ खातो, धूळ खाली उतरते.”

“गूळ पोटात जाते. धूळ छातीत जाते.”

तिनं हातातली सरकी खाली ठेवली. मग म्हणाली, “तू एवढी कालेजात शिकली. सिद्ध करून दाखव. दाखवलं तं सोडतो जिनिंग. बाबाच्या गळ्याची शपथ.” बाबा म्हणाले, “माया गळ्याची कायले, तुया गळ्याची घे ना.”

असा आमचा करार झाला. मला घाई होती, कारण गुंडी तर सोडाच, आता माय बोलतानाही मध्ये श्वास घेत होती. ही फुप्फुसं एकदा कडक झाली की परत मऊ होत नाहीत, हे मला आता माहीत होतं.

एम.एस्सी. झाल्यावर मॅडमनी मला त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाला घेतलं. तिथे लहान रेणूंवर काम चालायचं. लहान रेणू म्हणजे काय ते मी बाबांना जसं सांगितलं तसंच इथे सांगते, कारण त्याहून चांगलं मला अजून सांगता आलेलं नाही.

जिनिंगमध्ये आगीची मोठी भीती. रेच्यात खडा आला, ठिणगी उडाली की रुई पेटते. म्हणून आगीची घंटा होती, विजेवर चालणारी. ती वाजली की सगळे बादल्या घेऊन धावायचे आणि दिसेल तिथे पाणी ओतायचे. पण तिच्या बटणात धूळ बसायची आणि ती आग नसतानाही वाजायची. मग चांगल्या रुईवर पाणी. कापूस आगीनं जळाला त्यापेक्षा पाण्यानं जास्त सडला, असं बाबा म्हणायचे. सफाईच्या दिवशी ते एक युक्ती करायचे. घंटेची वाटी आणि तिच्यावर आपटणारा टोला यांच्यामध्ये एक सरकी अडकवून ठेवायचे. एवढीशी सरकी, पण घंटा मुकी. सफाई झाली की सरकी काढून टाकायची.

पेशीतही असंच आहे. पहाऱ्यावरचं प्रथिन धुळीतली साल पाहून आतल्या प्रथिनांना हाक मारतं, ती एकमेकांना चिकटतात आणि घंटा वाजते. काही औषधं इतकी मोठी असतात की पेशीच्या बाहेरच राहतात आणि सुईनंच द्यावी लागतात. लहान रेणू मात्र पेशीच्या आत शिरू शकतो, त्याची गोळी करता येऊ शकते. प्रथिनाच्या अंगावर एक खाच असते. रेणू त्या खाचेत बरोबर बसला की ते प्रथिन पुढच्या प्रथिनाला चिकटू शकत नाही. टोला आणि वाटी यांच्यामध्ये सरकी.

बाबांनी लगेच विचारलं, “अन् सरकी काढाची राह्यली, अन् खरी आग लागली तं?”

“म्हनूनच असा रेणू पाह्यजे बाबा, जो काम झालं की निघून जाते. नाई तं साधा जंतू आला तरी मानूस आजारी पडते.”

“मंग बराबर हाये,” म्हणाले आणि चहा प्यायला लागले. माझ्या कामाला मिळालेली ती पहिली मंजुरी.

मॅडमच्या प्रयोगशाळेत रसायनवाल्यांनी असे बरेच रेणू बनवून ठेवले होते. ते शुद्ध सालीवर तपासले जात होते. मी म्हटलं, आमच्या जिनिंगच्या खऱ्या धुळीवर तपासू या. मॅडम म्हणाल्या, “धूळ आण.”

मी मायला फोन केला. शेजारच्या मावशींचा फोन, त्यामुळे आमचं बोलणं अख्ख्या लाईनीनं ऐकलं. “लोकाईच्या पोरी माहेराहून लाडू मांगते,” माय म्हणाली, “माई पोट्टी धूळ मांगते.” पण दोन दिवसांत एसटीच्या कंडक्टरजवळ स्टीलचा डबा आला, वर फडकं बांधलेलं, गाठ अशी की सोडवताना नख मोडलं.

मी धुळीचं पाणी तयार केलं आणि पेशींवर घातलं. बशीसारख्या पट्टीत लहान लहान खळगे असतात. ज्या खळग्यातल्या पेशींनी सुजेचं रसायन सोडलं, तो तपासणीत शेवटी पिवळा होतो. शुद्ध साल घातलेले खळगे पिवळेधमक झाले. मायच्या धुळीचे खळगे पाण्यासारखे स्वच्छ. पुन्हा केलं. पुन्हा स्वच्छ. धूळ जास्त घातली, तरी काही नाही.

मॅडमनी रागावून नाही, समजुतीनं सांगितलं, “कधी कधी आपल्याला जे हवं असतं ते नसतं. तुझ्या आईचा दम दुसऱ्या कशाचा असू शकतो. तिला छातीच्या डॉक्टरांना दाखव.” मला वाटत होतं की मी वर्गात उगाच उभी राहिले. त्याहून वाईट म्हणजे, माय आता कधीच जिनिंग सोडणार नाही. करारच तसा होता.

मी न कळवता घरी गेले. दुसरा डबा स्वतः भरून आणायचा, नाही जमलं तर मायला तसंच ओढून दवाखान्यात न्यायचं, एवढंच डोक्यात होतं. बस पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात आले तर माय अंगणात बसलेली, नाकावर पदर, हातात सूप. सुपात करड्या रंगाचं काहीतरी. ती ते झकास पाखडत होती. बारीक धुळीचा ढग मावशींच्या दाराकडे चालला होता आणि मावशी आतून ओरडत होत्या, “अवं, तुया पोरीची मॅडम राह्यली तिकडं, मले कायले मारून राह्यली!”

“माय, काय करून राह्यली?”

ती दचकली, मग खूश झाली. “आली काय वं! हे पाह्य, तुयासाठी धूळ साफ करून राह्यली. म्हटलं, पह्यल्या डब्याची सरली असन.”

“पह्यली पन पाखडली होती?”

“मंग! पाखडली, काडीकचरा येचला, वरची वरची चांगली मऊ रुई ठेवली. शहरात मोठ्या मॅडमले घान पाठवाव काय? काय म्हनन थे बाई, याईच्या घरी काई रीतभात नाई?”

मी बॅग तिथेच टाकली आणि खाली बसले. आधी रडू येईल असं वाटलं, पण हसू आलं. हसता हसता मला बोलता येईना. माय घाबरली, “अवो, पाहा बरं, हिले काय झालं!” बाबा पाना घेऊन बाहेर आले. मी त्यांना कसंबसं सांगितलं की मॅडमला जी पाहिजे होती ती घाणच मायनं अख्खी मावशींच्या घरी पाठवली आणि मला डब्यातून धुतल्या तांदळासारखी रुई दिली.

बाबांनी सुपाकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि म्हणाले, “सोळा आने काम हाये तुयं.”

माय मात्र हसली नाही. धुळीचा ढग विरला होता तिकडे ती पाहात होती. “एवढीशी बारीक? थे तं दिसत पन नाई.”

“तेच तं, माय.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी रेच्याच्या वरच्या आढ्यावरून धूळ खरवडून आणली. न पाखडता, न चाळता. मायनं डब्याला फडकं बांधलं, पण तोंड वेंगाडून.

यावेळी खळगे पिवळे झाले. इतके पिवळे की मॅडम स्वतः उठून पाहायला आल्या. मग मी रेणू घेतले. ते तपासायला बराच काळ गेला. काही रेणूंनी घंटा बंद केली, पण पाहिलं तर पेशीच मेल्या होत्या. मेलेली पेशी ओरडत नाही, त्यात मोठेपणा नाही. काहींनी काहीच केलं नाही. एक मात्र असा निघाला की त्यानं धुळीची हाक थांबवली, पेशी जिवंत राहिल्या, आणि रेणू धुऊन काढल्यावर घंटा पुन्हा वाजायला लागली. सरकी बसली आणि सरकी निघाली. त्या दिवशी मी पहिला फोन मावशींच्या नंबरवर केला.

माय नागपूरला आली. आधी छातीच्या डॉक्टरांकडे मशीनमध्ये फुंकर मारून झाली. त्यांनी सांगितलं, थोडा श्वास गेला आहे तो गेला, पण धूळ आता सोडली तर उरलेला राहील. पंपानं श्वासातून ओढायचं औषध लिहून दिलं. मग मी तिला प्रयोगशाळेत आणलं. तिनं दारात चपला काढल्या. मॅडम म्हणाल्या, “अहो ताई, राहू द्या, इथे अनवाणी चालत नाही.” तेव्हा परत घातल्या, पण अवघडून चालली.

मी पट्टी उजेडात धरली. “माय, हे साध्या पान्याचे. हे तुया जिनिंगच्या आढ्याच्या धुळीचे.”

“हा पिवळा म्हन्जे माया ताप?”

“हो.”

“अन् हे फिक्के?”

“तीच धूळ, पन संग माया रेणू.”

ती पट्टीवर वाकली. मग बोट न लावता खळग्यांवरून हात फिरवत म्हणाली, “याच्यात भजे टाकले होते काय?”

“नाई.”

“बाजारातलं काईच नाई?”

“काईच नाई. फक्त धूळ.”

“म्हन्जे,” माय म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला, “थ्या भजेवाल्याचा काई दोष नोयता! अन् मी एवढे वर्सं फुकट उपाशी राह्यली?”

मॅडमना हसू आवरेना. जाताना मायनं पिशवीतून त्यांच्यासाठी आणलेली तुरीची डाळ काढून दिली. “पाखडलेली हाये,” तिनं मुद्दाम सांगितलं.

पुढच्या हंगामात रेचे सुरू झाले तेव्हा माय गेली नाही. तोंडातून निघालेली शपथ ती मोडत नाही. पहिल्या आठवड्यात तिला करमलं नाही, भोंगा झाला की उठून बसायची. मग तिनं अंगणात शिलाई मशीन टाकली. रेच्यावरच्या बाया नाकाला बांधायला दुहेरी कापडाच्या पट्ट्या तिच्याकडून शिवून घेऊ लागल्या. पट्टी देताना ती प्रत्येकीला बजावायची की ताप बाजाराचा नाही, आणि पट्टीनंही पूर्ण भागत नाही, मुकादमाला खिडक्यांचे पंखे सुरू करायला लावा. मावशींनी पंख्यांसाठी मुकादमाशी जे भांडण केलं ते अजून लाईनीत सांगतात. पंखे सुरू झाले.

माझा रेणू औषध झालेला नाही. पेशींवर चालणं वेगळं आणि माणसावर चालणं वेगळं, त्याला अजून बरीच माणसं आणि बराच काळ लागेल. पण कापसाच्या खऱ्या धुळीनं वाजणारी घंटा एक लहान रेणू थांबवू शकतो, हे आमच्या प्रयोगशाळेत दिसलं, आणि त्या कामावर मला पीएच.डी. मिळाली. माय ओढायचं औषध घेते आणि भरलेली गुंडी अजूनही उचलू शकत नाही, अर्धी उचलते. आठवडी बाजाराच्या दिवशी ती स्वतः चालत बाजारात जाते, मिरचीचे भजे खाते, आणि दुसऱ्या दिवशी तिला ताप येत नाही.